आंतरराष्ट्रीय संबंध: 'आम्ही' कोण आणि 'आपण' कोण?



मागच्या व्याख्यानानंतर काही पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी साधारण एकच प्रश्न विचारला. बारावी झालीय, मुलीला 'इंटरनॅशनल रिलेशन्स' घेऊन पदवी करायचीय, करू द्यावी का? पुणे, सोनिपत अशा ठिकाणच्या खासगी विद्यापीठांत हा विषय आता पदवीलाच 'मेजर' म्हणून मिळतो. आपल्या भागातल्या महाविद्यालयांत तो बहुतेक करून राज्यशास्त्राच्या पोटात असतो, एखादा-दुसरा पेपर म्हणून. २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर, मायनर, क्रेडिट हे शब्द घराघरांत पोचलेत, त्यामुळे हा प्रश्नही घराघरांत आहे.

प्रश्न व्यावहारिक आहे आणि त्याचं व्यावहारिक उत्तर आम्ही शेवटी देऊच. पण आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे शिक्षक. कुठलाही विषय समोर आला की त्याला आधी विचारायचं, बाबा रे, तू कुणाच्या वतीनं बोलतोस? आज या विषयाच्या शिकवण्यावर जी टीका आम्ही करणार आहोत, ती या एका प्रश्नातून निघालेली आहे.

मराठीत एक सोय आहे, जी इंग्रजीत नाही आणि हिंदीतही नाही. 'आम्ही जेवलो' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण जेवू' म्हटलं की त्याचंही पान मांडलं जातं. इंग्रजीत दोन्हीकडे 'वी', हिंदीत दोन्हीकडे 'हम'. आंतरराष्ट्रीय संबंधांची पुस्तकं मुख्यतः इंग्रजीत लिहिली जातात. त्यामुळे तिथे हा फरक करावाच लागत नाही. मग त्याचं मराठी वर्गात काय होतं बघा. 'आपण रशियाकडून स्वस्त तेल घेतलं', 'आपण अमुक ठरावावर तटस्थ राहिलो'. तेल घेतलं तेलशुद्धीकरण करणाऱ्या कंपन्यांनी. तटस्थ राहिलं सरकार. वर्गातल्या पोरानं यातलं काहीच केलेलं नाही. पण तीन वर्षं हे वाक्य घोकून तो राष्ट्राच्या खुर्चीत बसून बोलायला शिकतो. त्या खुर्चीकडे समोरून कसं बघायचं, हे मात्र त्याला कुणी शिकवत नाही. आमचा मुख्य आक्षेप हा आहे.

नेहमीचा अभ्यासक्रम डोळ्यांपुढे आणा. १६४८चा वेस्टफालियाचा तह, मग दोन महायुद्धं, मग आदर्शवाद विरुद्ध वास्तववाद, १९४८चं मॉर्गेन्थाऊचं पुस्तक, शीतयुद्ध, १९५५ची बांडुंग परिषद, १९६१ची बेलग्रेड परिषद, संयुक्त राष्ट्रं आणि शेवटी भारताचे शेजारी. यात चुकीचं काही नाही. हे सगळं यायलाच हवं. अलीकडे भारतीय ज्ञानपरंपरा म्हणून कौटिल्याचा मंडल सिद्धांतही घातला जातो. पण तो कसा शिकवतात? 'आमच्याकडेही वास्तववाद होता, तोही आधी होता' एवढं सांगण्यापुरता. म्हणजे माप मॉर्गेन्थाऊचंच, फक्त त्या मापात आपलाही माणूस बसतो एवढं समाधान. हे वाचन झालं नाही, ही हजेरी झाली. विद्यार्थ्याच्या मनावर एकूण ठसा असा उमटतो की जग म्हणजे दुसरीकडे कुठंतरी, व्हिएन्ना, मॉस्को, न्यूयॉर्क इथं घडतं. कोल्हापुरात फक्त त्याच्या नोट्स मिळतात.

आता या विषयाचा जन्म कुठं झाला ते पाहा. आंतरराष्ट्रीय राजकारणाचं जगातलं पहिलं अध्यासन १९१९ साली स्थापन झालं. लंडनला नाही, पॅरिसला नाही. वेल्समधल्या ॲबरिस्टविथ नावाच्या समुद्रकाठच्या लहानशा गावात. कोल्हापूरच्या मानानं ते खेडंच म्हणायचं. डेव्हिड डेव्हिस नावाच्या श्रीमंत माणसानं, पहिल्या महायुद्धात मेलेल्या तिथल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ ते दिलं. म्हणजे विषयाच्या मुळाशी एक हिशेब मागणं होतं. आमची पोरं कशासाठी मेली, हे कुणीतरी समजावून सांगा. तो प्रश्न राष्ट्राच्या खुर्चीतून विचारलेला नव्हता. ज्या गावानं पोरं गमावली त्या गावातून तो आला होता. त्या अध्यासनावर बसलेला पहिला माणूस, आल्फ्रेड झिमर्न, प्राचीन ग्रीसचा अभ्यासक. पुढे तिथं आलेले ई. एच. कार आधी परराष्ट्र खात्यात नोकरी केलेले आणि पुढं इतिहासकार म्हणून नाव झालेले. मॉर्गेन्थाऊ कायद्याचा. हे मुद्दाम सांगतोय. ज्यांनी हा विषय उभा केला, त्यांच्यापैकी कुणाकडेही या विषयाची पदवी नव्हती. प्रत्येकाच्या पायाखाली दुसरा एक पक्का विषय होता.

आता आपल्या गावाकडे येऊ. पन्हाळ्याचा वेढा आपल्याला तोंडपाठ आहे. १६६०, सिद्दी जौहर, बाजीप्रभू. पण त्या वेढ्यात एक छोटा प्रसंग आहे जो आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पहिल्या तासाला शिकवायला हवा. राजापूरच्या वखारीतले इंग्रज, हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती, तोफा घेऊन पन्हाळ्याखाली आले आणि त्यांनी गडावर मारा केला. हे लोक कोण? व्यापारी. पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर मारलं आणि या इंग्रजांना कैदेत टाकलं. व्यापारी व्यापारी म्हणून राहिला तर अभय, त्यानं तोफ डागली तर तो व्यापारी राहत नाही, हा याचा सरळ अर्थ.

या घटनेनंतर पंचावन्न वर्षांनी, १७१५ साली, रामचंद्रपंत अमात्यांनी करवीरच्या संभाजीराजांसाठी 'आज्ञापत्र' लिहिलं. त्यातलं टोपीकरांबद्दलचं विवेचन कुठं आहे हे लक्षात घ्या. ते सावकारांच्या, म्हणजे व्यापाऱ्यांच्या प्रकरणात आहे. अमात्य म्हणतात त्याचा आशय असा: पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच हेही व्यापारच करतात, पण ते इतर व्यापाऱ्यांसारखे नाहीत, कारण त्यांच्या पाठीमागचे धनी राज्य करणारे आहेत. यांचं खरं बळ आरमारात आणि तोफांत. म्हणून येणं-जाणं, देणं-घेणं असू द्यावं. वखारीला जागा द्यायचीच झाली तर समुद्रकाठी किंवा खाडीवर देऊ नये. आत, मोठ्या शहरांच्या नजरेखाली द्यावी आणि पक्कं बांधकाम करू देऊ नये.

हे आता कांटच्या शेजारी ठेवून वाचा. इमान्युएल कांटनं १७९५ साली शाश्वत शांततेवर एक छोटा ग्रंथ लिहिला. परक्या माणसाला, तो शांतपणे आला असेल तर, शत्रूसारखं वागवू नये, एवढा आतिथ्याचा हक्क प्रत्येक माणसाला आहे, असं त्यात म्हटलंय. पाहुणा म्हणून राहण्याचा, म्हणजे घरातला होण्याचा हक्क मात्र त्यात येत नाही. आणि याच कलमात कांट युरोपच्या व्यापारी राष्ट्रांवर कठोर टीका करतो. व्यापारी ठाण्यांच्या नावाखाली हिंदुस्थानात सैन्य आणलं, असं तो लिहितो, आणि चीन-जपाननं असल्या पाहुण्यांना दारातच रोखलं ते शहाणपणाचं केलं, असं सांगतो. आयुष्यभर कोनिग्सबर्गच्या परिसराबाहेर फारसा न गेलेला जर्मन तत्त्वज्ञ, आणि त्याच्या ऐंशी वर्षं आधी सह्याद्रीच्या या बाजूला बसलेला अमात्य. पाहुणा आणि घुसखोर यांत फरक कसा करायचा, हा दोघांचा प्रश्न एकच.

पण दोघांची उत्तरं सारखी नाहीत. अमात्य राज्य टिकवण्याची युक्ती सांगतात. त्यांचा 'आम्ही' करवीरच्या दरबाराएवढा आहे. कांट परक्याचाही हक्क सांगतो. त्याला सगळ्या माणसांचं 'आपण' हवंय. कौटिल्याला मॉर्गेन्थाऊच्या मापात बसवण्यापेक्षा या दोन पानांची अशी गाठ घालून दिली तर विद्यार्थी विचार करायला लागेल. आणि त्याला हेही सांगा की १८१२च्या तहानं कोल्हापूरनं मालवणचं बंदर कंपनीला दिलं आणि कंपनीच्या संमतीशिवाय दुसऱ्या राज्याशी युद्ध न करण्याचं मान्य केलं. समुद्रकाठ सोडू नका, हा सल्ला जिथं लिहिला गेला, त्याच राज्यानं सत्त्याण्णव वर्षांनी बंदर सोडलं. सल्ला बरोबर असणं आणि तो पाळण्याची ताकद असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 'सत्ता' हा शब्द समजायला याहून चांगलं उदाहरण कुठलं?

पाहुण्याचा विषय निघालाच आहे तर वळिवड्याला जाऊ. कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गावर, शहराच्या अगदी जवळ. १९४३ ते १९४८ या काळात इथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका, मुलं, म्हातारी माणसं. १९४०-४१मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरिया-कझाकस्तानात नेलेली. हिटलरनं रशियावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली, १९४२मध्ये ती इराणात आली आणि तिथून काही जण इथं पोचले. शाळा, चर्च, नाटकं, सगळं त्यांनी इथं उभं केलं. त्यांचा खर्च लंडनमध्ये आश्रयाला असलेलं पोलिश सरकार करत होतं.

मग १९४५ उजाडलं. फेब्रुवारीत याल्टा इथं तीन नेते बसले आणि पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे जाणार हे ठरलं. जुलैत ब्रिटन आणि अमेरिकेनं लंडनच्या सरकारची मान्यता काढून वॉर्साच्या सरकारला दिली. पाठ्यपुस्तकात 'मान्यता' हा एक परिच्छेद असतो, दोन प्रकार असतात, पाच गुणांचा प्रश्न असतो. वळिवड्यात त्याचा अर्थ असा होता, की सकाळी उठल्यावर आपलं सरकार आता सरकार राहिलेलं नाही, आणि आपलं गाव आता आपल्या देशात नाही. त्यांतले काही पोलंडला परतले, पुष्कळसे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी पांगले.

आणि गोष्ट इथंही संपत नाही. ती छावणी रिकामी झाली आणि तिथं फाळणीत सिंध सोडून आलेली माणसं राहायला आली. आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला ज्या गांधीनगरला जातो, ते हेच. याल्टानं बेघर केलेली माणसं गेली, त्याच जागी फाळणीनं बेघर केलेली माणसं आली. एका बाजारपेठेच्या जमिनीत विसाव्या शतकातले दोन मोठे निर्णय पुरलेले आहेत. आणि आमचा विद्यार्थी निर्वासितांचा प्रश्न अभ्यासायला दुसऱ्या खंडातली उदाहरणं पाठ करतो!

ऑगस्ट २०२४मध्ये भारताचे पंतप्रधान पोलंडला गेले तेव्हा वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला त्यांनी अभिवादन केलं. आपल्याला अभिमान वाटला, तो वाटणं योग्यच आहे. आपल्या महावीर उद्यानातही पोलिश लोकांनी कृतज्ञतेचा स्तंभ उभारलाय. पण वर्गात पुढचा प्रश्न यायला हवा. 'आपण आश्रय दिला' यातलं 'आपण' कोण? १९४३ला स्वतंत्र भारत नव्हता. कोल्हापूर संस्थान होतं, वर ब्रिटिश सत्ता होती, पैसा पोलिश सरकारचा होता, आणि रोजचा शेजार वळिवड्याच्या गावकऱ्यांचा होता. त्या आश्रयाचं श्रेय आज 'आपण' म्हणून घ्यायचं असेल तर त्याची जबाबदारीही 'आपण' म्हणून घ्यावी लागते. भारतानं १९५१च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. का केली नाही, त्याची कारणं काय, ती पटतात का, आज दारात आलेल्या परक्याबद्दल आपलं म्हणणं काय? उत्तर काहीही द्या. पण अभिमानाला 'आपण' आणि जबाबदारीला 'ते सरकार' अशी वाटणी करता येणार नाही.

तिसरं उदाहरण उसाचं. त्याशिवाय कोल्हापुरात व्याख्यान पुरं होत नाही. एफआरपी हा शब्द इथं पोरांना शाळेत जायच्या आधी कळतो. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरवर्षी त्याच्यावरून भाषणं होतात. चौदा दिवसांत बिल द्यायचा नियम, आणि बिल लांबलं की रास्ता रोको. शेतकऱ्याची भावना काय असते? सरकार देतं काय? दर कागदावर ठरवतं, पैसे कारखान्यानं द्यायचे, ते वेळेवर येत नाहीत.

आता जिनिव्हाला चला. २०१९मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली. भारत आपल्या ऊस उत्पादकांना मर्यादेबाहेर आधार देतो, असं त्यांचं म्हणणं. भारतानं युक्तिवाद केला की हे पैसे सरकार देत नाही, कारखाने देतात, मग हा सरकारी आधार कसा? डिसेंबर २०२१मध्ये तिथल्या पॅनेलनं हा युक्तिवाद नाकारला. दर सरकारनं ठरवला ना, मग पैसे कुणीही देवोत, तो आधारच. आणि २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत हा आधार दहा टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त होता, असा निष्कर्ष दिला. आधार मोजायची पद्धतही ऐका. आजचा दर घ्यायचा आणि त्याची तुलना १९८६-८८च्या आंतरराष्ट्रीय किमतीवर बेतलेल्या आधारभूत किमतीशी करायची. जानेवारी २०२२मध्ये भारतानं अपील केलं. पण जिथं अपील करायचं ते मंडळच डिसेंबर २०१९पासून बंद पडलंय, कारण नवे सदस्य नेमायला अमेरिका संमती देत नाही. म्हणजे कायदा आहे, खटला आहे, निकाल आहे, आणि वरचं न्यायालय मात्र कुलूपबंद.

आंतरराष्ट्रीय कायदा हा खरोखर कायदा आहे का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. तो शिरोळ तालुक्यातल्या पोराला त्याच्या बापाच्या ऊसबिलावर शिकवता येतो. आणि इथं 'आम्ही-आपण' पुन्हा बघा. जयसिंगपुरात शेतकऱ्याचा 'आम्ही' कारखान्याच्या आणि सरकारच्या समोर उभा असतो. जिनिव्हात तोच शेतकरी, तोच कारखाना आणि तेच सरकार एका 'भारत' या शब्दात बसतात. दोन्ही खरं आहे. फक्त जिनिव्हा शिकलेला मुलगा जयसिंगपूर विसरतो. फक्त जयसिंगपूर माहीत असलेल्याला ब्राझीलमध्येही ऊस पिकवणारा माणूस आहे, आपल्या दराचा त्याच्यावर काही परिणाम होत असेल, हे सुचत नाही. या विषयाची खरी विद्या म्हणजे दोन्हीकडे उभं राहून बघता येणं.

यावर एक आक्षेप येईल. हा सगळा स्थानिक इतिहास झाला, यात आंतरराष्ट्रीय काय? आमचं म्हणणं, गावावर थांबू नकाच. वळिवड्याहून याल्टाला जायचं आहे, जयसिंगपूरहून जिनिव्हाला. फक्त निघायचं आपल्या दारातून. म्हणजे वाट कुठं चुकली तर कळतं तरी. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. असल्या प्रश्नांनी राष्ट्रहिताची जाण कमी होईल. आम्हाला उलट वाटतं. राष्ट्रहित म्हणजे कुणाचं हित, हे ज्याला मोजता येत नाही त्याला ते राखताही येणार नाही. अमात्यांनी टोपीकर ओळखले ते घोषणेनं ओळखले नाहीत. त्यांच्या मागे कोण आहे, त्यांचं बळ कशात आहे, हे नीट पाहून ओळखले.

आता मूळ प्रश्न. मुलीनं हा विषय घ्यावा का? जरूर घ्यावा. पण या विषयाच्या नावावर घर गहाण टाकून कर्ज काढू नये. परराष्ट्र सेवेची भरती लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून होते आणि त्या परीक्षेला कुठलीही मान्यताप्राप्त पदवी चालते. या मेजरशिवाय ते दार उघडत नाही, असं कुणी प्रवेशाच्या वेळी सांगत असेल तर ते खरं नाही. ऐपत नसेल तर इथंच इतिहास, अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र मेजर घ्या, आंतरराष्ट्रीय संबंध मायनर ठेवा आणि पुढं एम. ए.ला हाच विषय घ्या. विषय उभा करणाऱ्यांनीही आधी दुसरा विषय पक्का केला होता, हे आत्ताच सांगितलं. ऐपत असेल, आणि जिथं जायचं तिथं वाचणारे शिक्षक आणि उघडं ग्रंथालय असेल, तर मेजरही घ्या. माहितीपत्रकातले झेंडे मोजू नका. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठा आणि गेल्या सत्रात कुठलं पुस्तक पूर्ण वाचलंस एवढंच विचारा.

आणि कुठंही शिकलात तरी दोन गोष्टी स्वतः करा. एक परकी भाषा, वर्तमानपत्र वाचता येईपर्यंत. प्रमाणपत्रापुरती नको. पोर्तुगीज शिकलात तर गोव्याची जुनी कागदपत्रंही उघडतील आणि ब्राझीलचा ऊसवालाही कळेल. दुसरी गोष्ट, आपल्या तालुक्यातली एक वस्तू किंवा एक जागा घ्या. साखरेचं पोतं, हुपरीची चांदी, इचलकरंजीचं कापड, गांधीनगरचं एखादं दुकान. ती कुठून आली, कुठं जाते, तिच्यावर कुठल्या कुठल्या देशांचे निर्णय चालतात, याची एक वही तीन वर्षं भरा. ही वही कुणी तपासणार नाही, तिला क्रेडिट नाहीत. तरीही भरा.

शिक्षकांना एकच विनंती. वर्गात कुणी म्हणालं, 'सर, आपण त्या देशाला चांगला धडा शिकवला', तर रागावू नका, हसूही नका. फळ्यावर 'आपण' हा शब्द लिहा आणि त्यात कोण कोण आहे याची यादी मुलांकडूनच करून घ्या. तो तास तिथंच संपला तरी चालेल.

आम्ही इथं थांबतो. प्रश्न असतील ते आता घेऊ.